आधी काय, मागून काय? – आज्ञावली लिहिणाऱ्या तुकडीसाठी कामाचा नकाशा

विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या प्रयोगशाळेत एक वाक्य हमखास ऐकू येते : "झालंच आहे सर, जरासंच राहिलंय!" ज्वालामुखीची प्रतिकृती करणाऱ्यांचे 'जरासे' डोळ्यांना दिसते. रंग ओला आहे, पुठ्ठा चिकटायचा आहे, एवढेच. पण संगणकाची आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्या तुकडीचे 'जरासे' कोणालाच दिसत नाही. खुद्द त्या तुकडीलाही नाही. ते कधी अर्ध्या तासाचे असते, तर कधी तीन आठवड्यांचे.

याचे कारण उघड आहे. गवंड्याने भिंत किती चढवली हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही सांगता येते. आज्ञावलीच्या हजार ओळी लिहून झाल्या तरी त्यावरून काम किती झाले हे कळत नाही, कारण हजारावी ओळ लिहिल्यावर पहिल्या ओळीतली चूक ध्यानात येऊ शकते. जी वस्तू दिसत नाही तिच्यासाठी नकाशाची गरज अधिक. मोठमोठ्या कंपन्यांत याला 'रोडमॅप' म्हणतात. मात्र पुष्कळ ठिकाणी या भारदस्त नावाखाली कामांची यादी आणि तिच्यासमोर तारखा एवढेच असते. विद्यार्थी मित्रांनो, यादी म्हणजे नकाशा नव्हे. पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर अशी नावे कागदावर लिहिली म्हणून तो नकाशा होत नाही. कोठून कोठे रस्ता जातो हे त्यात दिसले पाहिजे. कामाच्या नकाशातही 'कोणते काम कोणासाठी अडून राहते' हे दिसावे लागते. तारखा त्यातून आपोआप निघतात.

एक उदाहरण घेऊन हे करूनच पाहू. समजा, तुमच्या पाच जणांच्या तुकडीला शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीची आज्ञावली तयार करावयाची आहे. सुरुवातीला ६०० पुस्तके तिच्यात घालायची आहेत. शाळा सुटल्यावर दीड तास काम, म्हणजे एक 'दिवस', असे मोजमाप धरू. सर्वांनी बसून कामे काढली, प्रत्येकाला किती दिवस लागतील याचा अंदाज केला आणि ते काम कोणत्या कामानंतर सुरू करता येईल हे लिहिले :

क – ग्रंथपाल बाईंशी बोलून त्यांना काय हवे ते लिहून घेणे : ३ दिवस.
ख – पुस्तकांच्या व वाचकांच्या माहितीचे रकाने ठरवणे : ४ दिवस, क नंतर.
ग – ६०० पुस्तकांच्या नोंदी टंकित करणे : १० दिवस, ख नंतर.
घ – देवघेवीची आज्ञावली लिहिणे : ८ दिवस, ख नंतर.
च – पडद्यावरची मांडणी तयार करणे : ५ दिवस, क नंतर.
छ – मांडणी व आज्ञावली एकमेकींना जोडणे : ४ दिवस, घ आणि च नंतर.
ज – खऱ्या नोंदींवर चाचणी व दुरुस्ती : ६ दिवस, ग आणि छ नंतर.
झ – प्रदर्शनाचे तक्ते : ३ दिवस, च नंतर.

या सगळ्या दिवसांची बेरीज ४३ होते. पण कामे शेजारी शेजारी चालू शकतात, म्हणून ४३ दिवस लागणार नाहीत. मग किती लागतील? जुन्या लग्नपत्रिका घ्या. त्यांच्या कोऱ्या बाजूवर एकेक काम लिहा, त्या फळ्यावर टाचण्यांनी लावा आणि जे काम ज्याच्यासाठी अडते त्या दोघांना दोऱ्याने जोडा. आता 'क' पासून निघून शेवटापर्यंत जाणाऱ्या प्रत्येक वाटेवरचे दिवस मोजा.

क–ख–ग–ज ही वाट ३ + ४ + १० + ६, म्हणजे २३ दिवसांची आहे. क–च–छ–ज १८ दिवसांची आणि क–च–झ तर अवघी ११ दिवसांची. क–ख–घ–छ–ज मात्र ३ + ४ + ८ + ४ + ६, म्हणजे २५ दिवसांची निघते. सर्वांत लांब वाट हीच, म्हणून सारे काम २५ दिवसांआधी पुरे होणे शक्य नाही. या सर्वांत लांब वाटेला 'निर्णायक मार्ग' म्हणतात. तिच्यावरचे कोणतेही काम एक दिवस रेंगाळले की प्रदर्शनाची तयारी एक दिवस रेंगाळलीच. इतर कामांना थोडीफार सवड असते. नोंदींच्या कामाला (ग) २ दिवसांची सवड आहे, पडद्याच्या मांडणीला (च) ७ दिवसांची, तर तक्त्यांना (झ) तब्बल १४ दिवसांची.

आता गंमत पाहा. यादीतले सर्वांत मोठे काम कोणते? नोंदी टंकित करण्याचे, १० दिवसांचे. हाताला काम नसलेल्या कोणालाही वाटेल, की आपणही तेथेच जाऊन बसावे. समजा सगळे बसले आणि ते काम पाच दिवसांत उरकले. मग तयारी किती दिवस आधी पुरी झाली? एकही दिवस नाही! निर्णायक मार्ग तिकडून जातच नव्हता. उलट, आज्ञावली लिहिण्याचे काम (घ) ८ ऐवजी ६ दिवसांत झाले, तर खरोखरच २ दिवस वाचतात. ते ५ दिवसांत केले तर मात्र तिसरा दिवस वाचत नाही, कारण आता नोंदींची २३ दिवसांची वाट निर्णायक होऊन बसते. पहिल्या दिवशी काढलेला नकाशा भिंतीवर पिवळा पडू द्यायचा नसतो, तो याचसाठी. दर आठवड्याला वाटा पुन्हा मोजाव्या लागतात.

ही पद्धत अर्थात शाळेसाठी निघालेली नाही. कामांच्या पट्ट्या तारखांसमोर आडव्या मांडणारे तक्ते त्याआधीच प्रचारात होते. पोलंडच्या कारोल आदामियेत्स्की या अभियंत्याने १८९६ साली असे काही करून पाहिले होते. पुढे १९१० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या हेन्री गँट यांनी ते रूढ केले, आणि आजही त्या तक्त्याला गँट यांचेच नाव आहे. कामे एकमेकांसाठी कशी अडून राहतात याचे गणित मात्र १९५७ च्या सुमारास मांडले गेले. ड्यूपाँ या रसायनांच्या कंपनीतील मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या संगणक बनवणाऱ्या कंपनीतील जेम्स केली यांनी निर्णायक मार्गाची रीत तयार केली. कारखान्यांची बांधणी आणि देखभाल यांच्या कामात हजारो बारीकसारीक कामे एकमेकांत गुंतलेली असत. ती गुंतागुंत संगणकाकडून सोडवून घ्यावी, हा त्यांचा हेतू.

जवळजवळ त्याच वेळी, १९५८ साली, अमेरिकी नौदलाने पाणबुडीतून डागण्याच्या पोलॅरिस प्रक्षेपणास्त्रासाठी 'पर्ट' नावाची अशीच एक रीत काढली. तिच्यात एक छान युक्ती आहे. कोणत्याही कामाला किती दिवस लागतील असे विचारले, की आपण एकच आकडा सांगतो आणि तो बहुधा आशावादी असतो. पर्टमध्ये तीन आकडे विचारतात : सगळे सुरळीत झाले तर किती, बहुधा किती, आणि सगळे बिघडले तर किती. मधल्या आकड्याची चौपट करायची, तीत उरलेले दोन आकडे मिळवायचे आणि सहाने भागायचे. आपल्या चाचणीच्या कामाला (ज) समजा ४, ६ आणि १४ दिवस असे अंदाज आले. मग (४ + २४ + १४) ÷ ६ = ७. आपण धरलेल्या ६ दिवसांऐवजी ७ दिवस धरणे शहाणपणाचे, म्हणजे एकूण दिवस २५ नव्हे, २६.

या पर्टचा त्या काळी मोठा गाजावाजा झाला. पण हार्वी सापोल्स्की या अभ्यासकाने १९७२ साली पोलॅरिसवर जे पुस्तक लिहिले, त्यात निराळेच चित्र दिसते. प्रत्यक्ष कामाला या तक्त्यांचा झालेला उपयोग बेताचाच होता. बाहेरच्या मंडळींवर छाप पाडण्याला मात्र ते फार उपयोगी पडले. तुमच्या फळ्यावरचे रंगीत दोरे पाहून मुख्याध्यापक खूष झाले तर आनंदच आहे, पण ते दोरे पाहुण्यांसाठी लावलेले नाहीत.

पुन्हा आपल्या निर्णायक मार्गाकडे येऊ. तेथे 'ख' हे काम आहे. रकाने ठरवायला चार दिवस कशाला हवेत, एका तासात होईल, असे तुकडीतील कोणीतरी म्हणणारच. पण नोंदी करणारे, आज्ञावली लिहिणारे आणि पुढे त्यांची जोडणी करणारे, या सर्वांमधला हा करार आहे. ०५-०६ असे लिहिले तर ५ जून समजायचा, की ६ मे? पुस्तकाचा दाखल क्रमांक नुसता आकडा असेल, की त्यात 'म-१२३' असे अक्षरही येईल? एकाने आकडा धरला आणि दुसऱ्याने अक्षर, तर दोघांचेही काम आपापल्या जागी बिनचूक असते आणि जोडणीच्या दिवशी दोन्ही एकत्र कोसळतात.

असा प्रकार किती महागात पडतो याचे एक उदाहरण मंगळावर आहे. 'मार्स क्लायमेट ऑर्बायटर' हे अमेरिकेचे यान ११ डिसेंबर १९९८ रोजी निघाले आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाशी पोचता पोचता नाहीसे झाले. पृथ्वीवरील एका आज्ञावलीने यानाच्या लहान अग्निबाणांचा आवेग पौंड-सेकंदांत दिला होता. ज्या आज्ञावलीने तो आकडा वापरला तिने तो न्यूटन-सेकंदांत आहे असे धरले. पौंडाचे बल सुमारे ४.४५ न्यूटन असते, म्हणजे आकडे तेवढ्या पटीने चुकले. मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जाण्याऐवजी यान सुमारे ५७ किलोमीटरपर्यंत खाली उतरले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, मेट्रिक एकके वापरावीत असे करारात लिहिलेले होते! लिहिले होते, पण दोन आज्ञावल्या त्याप्रमाणे वागतात की नाही, हे तपासले गेले नव्हते.

म्हणून आपल्या नकाशात मी एक लहानशी भर घालीन. रकाने ठरले, की लगेच 'एका पुस्तकाची फेरी' करायची. एकच पुस्तक, एकच वाचक. पडदा कसाही ओबडधोबड चालेल, पण ते पुस्तक नोंदले जावे, दिले जावे आणि परत यावे. पूर्ण आज्ञावलीचा हा नुसता सांगाडा असतो, तरी करारातल्या सगळ्या फटी तो दाखवून देतो. पंधराव्या दिवसानंतर जे समजले असते ते नवव्या दिवशी समजते. हिच्यासाठी लागणारा एखादा दिवस 'घ' च्या आठ दिवसांतूनच काढावा.

आता माणसांचा प्रश्न. काम मागे पडू लागले की शेजारच्या वर्गातल्या चार हुशार मुलांना बोलावण्याचा मोह होतो. फ्रेडरिक ब्रुक्स (१९३१–२०२२) यांनी हा मोह फार मोठ्या प्रमाणावर पाहिला होता. आय.बी.एम. कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी 'सिस्टिम ३६०' ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्यासाठी 'ओएस ३६०' ही प्रचंड आज्ञावली तयार करण्याच्या कामाचे ब्रुक्स काही काळ प्रमुख होते. ते काम उशिरा झाले. त्या अनुभवावर त्यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिले. त्यातला सर्वांत गाजलेला निष्कर्ष असा, की आधीच मागे पडलेल्या आज्ञावलीच्या कामावर माणसे वाढवली तर ते आणखी मागे पडते.

हे ऐकायला विचित्र वाटते, पण हिशेब करून पाहा. नव्या मुलांना सगळे समजावून कोण सांगणार? ज्यांना काम येते तेच. म्हणजे त्यांचे काम थांबले. शिवाय तुकडीतील प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलावे लागते असे धरले, तर तिघांत ३ जोड्या होतात, पाच जणांत १०, दहा जणांत ४५ आणि वीस जणांत १९०. माणसे चौपट झाली, तर बोलणी एकोणीसपट! ६०० नोंदी वाटून घेता येतात, तेथे जास्त हात जरूर लावावेत. पण काही कामे वाटताच येत नाहीत. आंब्याच्या आढीभोवती दहा माणसे बसवली, म्हणून आंबा लवकर पिकत नाही.

वेळ कशी वाटावी याचाही एक ठोकताळा ब्रुक्स यांनी दिला आहे. एक तृतीयांश वेळ आखणीला, फक्त एक षष्ठांश प्रत्यक्ष लिहिण्याला, एक चतुर्थांश सुट्या भागांच्या चाचणीला आणि उरलेला एक चतुर्थांश सगळे जोडून चाचणी करण्याला. म्हणजे ३६ दिवसांपैकी आज्ञावली लिहायला ६ आणि चुका शोधायला १८! या मापाने आपला नकाशा जरा धीटच आहे. शाळेतल्या लहान आज्ञावलीला तो चालून जाईल, पण चाचणीतले दिवस कापून इतरत्र देऊ नयेत. दुर्दैवाने कापले जातात ते तेच, कारण ते शेवटी येतात.

आता पंचांग उघडा. प्रदर्शन १५ डिसेंबरला आहे असे समजू. २६ दिवसांचे काम आहे आणि तुकडी आठवड्यातून तीनदा भेटते. नऊ आठवड्यांत २७ संध्याकाळ मिळतात. शिल्लक उरते फक्त एक. त्यात दिवाळीच्या सुटीचे तीन आठवडे आणि सहामाही परीक्षेचे दोन मिळवा. चौदा आठवडे झाले. १५ डिसेंबरपासून चौदा आठवडे मागे मोजले की ८ सप्टेंबर येतो. 'दिवाळीनंतर बघू' असे ठरवणाऱ्या तुकडीचे काय होणार, हे बोटे मोजूनच कळते. आणि कोणाला तरी ताप येणार, एखाद्या दिवशी वीज जाणार, हेही आहेच.

ऑक्टोबरच्या अखेरीस नकाशा सांगू लागला, की आपण सहा दिवस मागे आहोत, तर काय करायचे? तारीख हलत नाही. माणसे वाढवून फायदा नाही. हलवता येतो तो फक्त कामाचा आकार. म्हणून पहिल्याच आठवड्यात ग्रंथपाल बाईंकडून विचारून घ्यावे, की कशावाचून मुळीच भागणार नाही? देवघेव झालीच पाहिजे. लेखकाच्या नावावरून शोध झाला तर उत्तम. उशिराचा दंड आपोआप मोजणे पुढच्या वर्षी चालेल. हा क्रम आधी ठरलेला असला की ऐनवेळी दंडाचा भाग शांतपणे बाजूला ठेवता येतो. नाही तर तिन्ही भाग अर्धवट राहतात आणि प्रदर्शनात पुस्तक देताच येत नाही!

नकाशावर कामाची नोंद करताना 'नव्वद टक्के झाले' असे कधीही लिहू नये, हा माझा आग्रह आहे. काम एक तर झालेले असते, नाही तर झालेले नसते. आणि 'झाले' याचा अर्थ आधी लिहून ठेवावा. उदाहरणार्थ, घ झाले म्हणजे काय? दहा पुस्तके दहा वाचकांना दिली, परत घेतली आणि दिलेलेच पुस्तक दुसऱ्याला द्यायला गेल्यावर संगणकाने नकार दिला, की झाले. कागदपत्रिकेवर खूण करायची ती हे पाहिल्यावरच, आणि खूण करणारा आज्ञावली लिहिणाराच नसावा.

विद्यार्थ्यांच्या तुकडीची एक अडचण मोठ्या कंपन्यांनाही इतकी भेडसावत नाही : विद्यार्थी पास होतात! मुंबईच्या आय.आय.टी.मधील विद्यार्थ्यांनी २००७ साली 'प्रथम' हा सुमारे १० किलो वजनाचा उपग्रह तयार करण्याचे काम हाती घेतले. तो पी.एस.एल.व्ही.-सी३५ यानातून अवकाशात गेला २६ सप्टेंबर २०१६ रोजी. तेथील बी. टेक. चा अभ्यासक्रम असतो चार वर्षांचा. म्हणजे ज्यांनी आरंभ केला ते केव्हाच बाहेर पडले होते आणि मधल्या कित्येक तुकड्यांनी काम एकमेकींच्या हाती सोपवले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' हा सुमारे एक किलोचा उपग्रहही त्याच वर्षी, २२ जून २०१६ रोजी, सोडला गेला. अशा कामात एखादी गोष्ट फक्त कोणाच्या डोक्यात असून चालत नाही. तुमच्या तुकडीत दहावीची मुले असतील, तर ती मार्चमध्ये जाणार. तेव्हा 'पुढच्यांसाठी वही' हे एक काम म्हणून नकाशात घालावे आणि त्याला दिवस द्यावेत : रकाने असे का ठरवले, कोणती चूक कशी सापडली, कोणता भाग अर्धा सोडला आहे. ही वही नुसती वाचून आठवीच्या एखाद्या मुलाला आज्ञावली चालू करता आली, तर ते काम 'झाले'.

आता एक नकाशा तुम्ही काढा. शाळेच्या पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदींवरून आलेख काढणारी आज्ञावली करावयाची आहे. कामे अशी : त ला ४ दिवस; थ ला ६ दिवस, त नंतर; द ला ५ दिवस, त नंतर; ध ला ३ दिवस, थ आणि द नंतर; न ला ७ दिवस, द नंतर; प ला २ दिवस, ध आणि न नंतर. निर्णायक मार्ग कोणता? आणि थ करणारी मुलगी आजारी पडली, तर ती किती दिवस घरी राहिली तरी काम अडणार नाही?

(उत्तर : त–द–न–प, १८ दिवस. थ ला ३ दिवसांची सवड आहे. मात्र तिने ते तिन्ही दिवस घेतले, तर त–थ–ध–प ही वाटही १८ दिवसांची होते आणि मग दोन्ही वाटांवर लक्ष ठेवावे लागते.)